दिवा लागला की परवचा: धावपळीच्या दिवसांत भाषेचा अभ्यास कसा बसतो

"मॅडम, रोज एक तास बसा असे तुम्ही म्हणता, पण माझा 'रोज' रोज वेगळा असतो." मिरजेच्या एका रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेने वर्गात हे वाक्य उच्चारले तेव्हा बाकीचे विद्यार्थी हसले आणि मीही हसले, घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. सांगलीत मी जर्मन शिकवते, आणि कित्येक वर्षे प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी हाच सल्ला देत आले होते की रोज ठरलेल्या वेळी एक तास बसावे. या सल्ल्यावर कोणी आक्षेप घेत नसे, सगळे माना डोलावत, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचा नेम मोडलेला असे. हा त्यांचा आळस आहे, अशी माझी सोयीस्कर समजूत होती.

या सिस्टरला आळशी म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. एका आठवड्यात सकाळपाळी, दुसऱ्या आठवड्यात दुपारपाळी, मध्येच सलग रात्रपाळ्या, एखादी सहकारी रजेवर गेली की तिचीही ड्यूटी, आणि घरी दोन मुले व सासूबाई. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर जर्मन भाषेची साधारणपणे बी२ पातळी, म्हणजे सहांपैकी चौथी पायरी, गाठावी लागते, म्हणून ती वर्गाला येत होती. तिच्यामुळे मला माझा सल्ला पुन्हा तपासून पाहावा लागला, आणि माणूस भाषा कशी लक्षात ठेवतो व सवय कशी लागते याविषयी जे संशोधन झाले आहे ते नीट वाचावे लागले. त्यातून जे हाती लागले आणि वर्गात वापरून पाहिल्यावर टिकले, ते येथे मांडते. उदाहरणे जर्मनची आहेत, कारण मला तीच भाषा शिकवता येते. परंतु कन्नड, जपानी किंवा फ्रेंच शिकणाऱ्यालाही यातले बहुतेक लागू पडेल.

आधी हिशेब

भाषेला किती वेळ लागतो हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे, कारण पुष्कळसा निरुत्साह चुकीच्या अपेक्षेतून येतो. युरोपात भाषेच्या प्रभुत्वाच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्या मानतात. गटे इन्स्टिट्यूट, जिचे भारतातले नाव मॅक्स म्युलर भवन आहे, ती आपल्या परीक्षांसाठी ढोबळ अंदाज देते: बी१ साठी 45 मिनिटांच्या साधारण 350 ते 650 तासिका आणि बी२ साठी 600 ते 800 तासिका. घड्याळाच्या तासांत मांडले तर बी२ साठी 450 ते 600 तास होतात, आणि हे वर्गातल्या शिकवणीचे मोजमाप आहे. घरचा अभ्यास त्यात धरलेला नाही.

आता रोज अर्धा तास धरला, आणि वर्षात एकही दिवस चुकला नाही असे मानले, तरी वर्षाला सुमारे 180 तास होतात. म्हणजे केवळ अर्ध्या तासावर विसंबून राहिल्यास बी२ ला अडीच ते सव्वातीन वर्षे लागतील. हा आकडा ऐकून माझ्या वर्गात दरवेळी शांतता पसरते. पण "तीस दिवसांत जर्मन बोला" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवून तिसाव्या दिवशी स्वतःलाच दोष देण्यापेक्षा ही शांतता परवडली. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या मुत्सद्द्यांना भाषा शिकवते तेव्हा जर्मनसाठी सुमारे 36 आठवडे राखून ठेवते, आणि त्या काळात भाषा शिकणे हीच त्या माणसाची नोकरी असते. आपल्याला नोकरी सांभाळून शिकायचे आहे, तेव्हा वेळ अधिक लागणार, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा.

या हिशेबातून एक गोष्ट मात्र लगेच कळते. इतक्या लांबच्या प्रवासात आज एक तास झाला की पंचवीस मिनिटे झाली, याने फारसा फरक पडत नाही. पुढच्या वर्षी याच महिन्यात आपण अजून अभ्यास करत असू की नाही, यानेच फरक पडतो.

परवचा कशाला बांधलेली असे

आमच्या घरी आजोबांच्या काळी तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की मुले शुभंकरोती म्हणत, आणि त्याला जोडूनच पाढे, तिथी, नक्षत्रे यांची परवचा म्हणत. लहानपणी मला ते कंटाळवाणे वाटे. आता मागे वळून पाहताना त्या पद्धतीतली योजना लक्षात येते. परवचा म्हणायला बसा असे कोणाला सांगावे लागत नसे, कारण ती घड्याळातल्या आकड्याला बांधलेली नव्हती, तर दिवा लागण्याला बांधलेली होती. उन्हाळ्यात दिवा उशिरा लागे, थंडीत लवकर. परवचाही तशी मागेपुढे सरके, पण चुकत नसे.

सवय कशी लागते याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ आज हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1999 साली मांडलेला मुद्दा असा, की "मी अभ्यास करीन" या नुसत्या निश्चयापेक्षा "अमुक घडले की मी तमुक करीन" अशा जोडीने केलेला निश्चय पार पडण्याची शक्यता बरीच वाढते; कारण तेव्हा आठवण ठेवण्याचे काम आपल्या इच्छाशक्तीकडून समोर घडणाऱ्या प्रसंगाकडे जाते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर बारा आठवडे असाच एक अभ्यास केला. प्रत्येकाने न्याहारीनंतर किंवा तत्सम ठरलेल्या प्रसंगी करण्याची एक छोटी कृती निवडली होती, आणि ती किती दिवसांत आपोआप होऊ लागते हे पाहायचे होते. मधला आकडा 66 दिवसांचा आला, पण माणसामाणसातला फरक प्रचंड होता: संशोधकांच्या अंदाजाने कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 लागले असते. एकवीस दिवसांत सवय लागते, ही जी समजूत सर्वत्र ऐकू येते, तिला या अभ्यासातून आधार मिळत नाही. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो: मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वाटचालीत म्हणण्यासारखा अडथळा येत नाही. म्हणजे एक दिवस बुडाला की सगळे मुसळ केरात गेले, असे मानून उरलेला आठवडा सोडून देण्याचे काहीच कारण नाही.

मग सिस्टरसाठी आम्ही तिचा दिवा शोधू लागलो. सकाळी सात, रात्री नऊ असले कोणतेही उत्तर तीन पाळ्यांत टिकणारे नव्हते. मी तिला एका आठवड्यातील सगळ्या पाळ्या कागदावर मांडून प्रत्येक पाळीत न चुकता काय घडते हे लिहून काढायला सांगितले. जेवण चुकत होते आणि झोपेची वेळ बदलत होती. न चुकणाऱ्या गोष्टी दोनच निघाल्या: कामावर जाण्यायेण्याचा सांगली-मिरज प्रवास, आणि कोणत्याही पाळीवरून घरी आल्यावर गणवेश बदलून घेतलेला पहिला चहा. तो चहा कधी दुपारी तीनला होतो, कधी रात्री नऊला आणि कधी सकाळी नऊला, पण होतोच. तोच तिचा दिवा ठरला. चहाचा कप ओट्यावर ठेवला की वही उघडायची आणि पंचवीस मिनिटांनी मिटायची. वही चहाच्या डब्याशेजारी ठेवायची, कपाटात नाही.

यात तिनेच एक दुरुस्ती केली. रात्रपाळीहून आलेल्या सकाळी तिचे डोळे मिटत असतात आणि त्या वेळी नवे व्याकरण वाचणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून त्या दिवशी फक्त पाच मिनिटे जुनी उजळणी करायची आणि झोपायचे. ही दुरुस्ती मला इतकी पटली की आता मी सगळ्यांनाच दोन मापे ठरवायला सांगते: चांगल्या दिवसाचे पंचवीस मिनिटांचे आणि वाईट दिवसाचे पाच मिनिटांचे. पाच मिनिटांत भाषा फारशी पुढे जात नाही, हे खरे आहे. पण चहा आणि वही यांची जोडी तुटत नाही.

वेळेचा पोत

वेळ मिळत नाही असे म्हणणाऱ्या माणसाकडे सहसा वेळ असतो, पण तो तुकड्यातुकड्यांनी असतो. अशा तुकड्यांत कोणते काम बसते आणि कोणते बसत नाही हे न ओळखल्यामुळे तो वाया जातो. गर्दीच्या बसमध्ये उभे राहून नवा धडा समजून घ्यायचा प्रयत्न करणारे आणि घरी शांत बसायला मिळालेल्या अर्ध्या तासात मोबाईलवर जुने शब्द पुन्हा पुन्हा पाहणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी मी पाहिले आहेत. दोघेही कष्ट करतात आणि दोघांचेही काम उलट्या जागी पडलेले असते.

प्रवास, रांग, दुधावर लक्ष ठेवून उभे राहणे, अशा फुटकळ वेळेत जुन्या शब्दांची उजळणी आणि ऐकणे ही दोनच कामे नीट होतात. सिस्टर वडापने, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीने, जाते तेव्हा कानाला इअरफोन लावून आदल्या रविवारच्या धड्यातला संवादच पुन्हा ऐकते. नवे काही ऐकत नाही. परिचित मजकूर तिसऱ्यांदा ऐकताना शब्दांच्या कडा सुट्या होऊ लागतात, आणि जो आवाजांचा गुंता वाटत होता त्यातून वाक्य दिसू लागते. अपरिचित मजकूर हॉर्नच्या आवाजात ऐकला तर तो बहुधा नुसता आवाजच राहतो.

नवे व्याकरण, नवा उतारा आणि विशेषतः लेखन, यांना टेबल लागते आणि वीस-पंचवीस मिनिटांची अखंड शांतता लागते. चहानंतरचा वेळ त्यासाठी राखावा. तिसरा प्रकार बोलण्याचा. तो घरी एकट्याने पुरता होत नाही, त्याला समोर माणूस लागतो, आणि म्हणून आठवड्यातून एकदा दोन-तीन तासांचा वर्ग किंवा एखादा सोबती असणे मी आवश्यक मानते. रविवारी कोणीतरी आपली वाट पाहणार आहे, हे माहीत असल्यामुळे शुक्रवारची वही उघडली जाते, हा त्याचा वेगळा फायदा.

उजळणी म्हणजे काय

आता मुख्य मुद्दा, कारण थोड्या वेळात काम भागवायचे तर तो वेळ कशावर खर्च होतो हे सर्वांत महत्त्वाचे आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली विसरण्याचा वेग मोजला. त्याने अर्थहीन अक्षरजोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ केल्या आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो हे पाहिले. तासाभराने सुमारे 44 टक्के बचत होत होती; एका दिवसाने ती सुमारे 34 टक्क्यांवर आली, आणि महिनाभरानंतरही 21 टक्के उरली होती. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच घडतो, आणि नंतर ती घसरण मंदावते. खऱ्या भाषेतले शब्द अर्थपूर्ण असल्यामुळे ते याहून अधिक टिकतात, परंतु घसरणीचा आकार असाच असतो.

पितळेचे भांडे घासून ठेवले तरी काळवंडतेच, आणि ते पुन्हा चिंच लावून उजळावे लागते. आपण "उजळणी" हा शब्द त्यावरूनच वापरतो की नाही हे मला ठाऊक नाही, पण चित्र नेमके जुळते. फरक एवढाच की स्मरणशक्तीचे भांडे प्रत्येक उजळणीनंतर आधीपेक्षा अधिक दिवस चकचकीत राहते. म्हणून एकाच दिवशी एक शब्द वीस वेळा घोकण्यापेक्षा तोच शब्द वाढत्या अंतराने पाच वेळा आठवून पाहणे अधिक उपयोगी पडते.

याचा एक फार सुंदर पुरावा हॅरी बॅरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या घरातून आला. स्वतः ते, त्यांची पत्नी आणि त्यांच्या दोन मुली अशा चौघांनी परभाषेतील शब्दांच्या 300 जोड्या कित्येक वर्षे अभ्यासल्या. काही जोड्यांची उजळणी दर 14 दिवसांनी, काहींची 28 दिवसांनी आणि काहींची 56 दिवसांनी होत असे, आणि नंतर पाच वर्षांपर्यंत त्यांची परीक्षा घेतली गेली. 1993 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की 56 दिवसांच्या अंतराने केलेल्या 13 उजळण्यांनी जे साधले, ते साधायला 14 दिवसांच्या अंतराने साधारण 26 उजळण्या लागल्या. कामात बुडालेल्या माणसासाठी याहून दिलासादायक आकडे मला माहीत नाहीत: अंतर योग्य ठेवले तर निम्म्या श्रमात तेवढेच काम होते.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे, असा मात्र सर्रास गैरसमज असतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे दिसते आणि येत असल्याचा भास होतो, तो भासच फसवा असतो. वहीचे पान झाकून आठवायचा प्रयत्न करणे, अडखळणे आणि मग पाहणे, या अडखळण्यातच शिकणे घडते.

वाढते अंतर आणि आठवून पाहणे हे दोन्ही एकत्र आणणारी साधी युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी 1970 च्या दशकात लोकप्रिय केली. माझ्या वर्गात आम्ही ती अशी करतो. घरात आलेल्या लग्नपत्रिका कापून पत्त्यांच्या आकाराची कार्डे करायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर अर्ध्या भागात जर्मन शब्द आणि उलट्या दिशेने मराठी अर्थ लिहून मध्ये घडी घालायची. दिवाळीच्या मिठाईचा एक खोका घेऊन त्यात पुठ्ठ्याचे तुकडे आडवे लावून पाच कप्पे करायचे. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा रोज पाहायचा. दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकते, न आठवल्यास ते कितीही पुढे गेलेले असले तरी मुकाट्याने पहिल्या कप्प्यात परत येते. अवघड शब्द आपोआप वारंवार भेटतात आणि सोपे शब्द आपला वेळ खात नाहीत.

बी१ परीक्षेसाठी गटे इन्स्टिट्यूटने दिलेल्या यादीत सुमारे 2400 शब्द आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज पाच नवी कार्डे घातली तर वर्षाला 1300 शब्द होतात, म्हणजे दोन वर्षांच्या आत यादी संपते. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात रोज तीस कार्डे घालणाऱ्यांचे खोके महिन्याभरात माळ्यावर जाते, कारण नव्या कार्डांचे ओझे नव्या दिवशी कळत नाही, ते पुढच्या पंधरवड्यात उजळणीच्या रूपाने अंगावर येते. मोबाईलवर अँकीसारखे ॲप हेच काम आपोआप करते आणि प्रवासात तेच सोयीचे. तरी त्यातही नव्या शब्दांची रोजची मर्यादा पाचवर बांधून घ्यावी. ज्या ॲपमध्ये सलग दिवसांची साखळी मोडली की घाबरवतात, त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. साखळी टिकवण्यासाठी रात्री अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी सर्वांत सोपा धडा उरकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

मायमराठीची बचत

थोडा वेळ असणाऱ्याने आपल्या भाषेतून फुकट काय मिळते ते आधी घ्यावे. इंग्रजीतून जर्मन शिकवणारी पुस्तके नामांच्या तीन लिंगांविषयी विद्यार्थ्याला धीर देत बसतात. मराठी माणसाला तो, ती, ते जन्मापासून माहीत असतात. डेर, डी, दास या जर्मन लिंगदर्शक शब्दांची कल्पना त्याला समजावून सांगावी लागत नाही, फक्त कोणत्या शब्दाला कोणते ते लक्षात ठेवावे लागते. सिस्टरच्या कार्डांवर आम्ही तिच्या रोजच्या कामातले शब्द घेतले. रक्तदाब म्हणजे डेर ब्लूटड्रुक: ब्लूट म्हणजे रक्त, ड्रुक म्हणजे दाब, आणि दोन्ही भाषांत शब्द पुल्लिंगी. जखम म्हणजे डी वुंडे, दोन्हीकडे स्त्रीलिंगी. ताप मात्र आपल्याकडे पुल्लिंगी आणि त्यांच्याकडे दास फीबर, नपुंसकलिंगी. जिथे जुळते तिथे कार्ड साध्या शाईने, जिथे जुळत नाही तिथे लाल शाईने. लक्ष फक्त लाल कार्डांवर.

आकड्यांतही तेच. एकवीस म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो, आणि जर्मन माणूस आइन-उंड-त्स्वान्त्सिश म्हणजे "एक आणि वीस" म्हणतो. वाक्यरचनेत तर कमालच आहे. "वाइल इश हॉयटे नाख्टशिश्ट हाबे" या वाक्याचे शब्दाला शब्द ठेवले तर "कारण मला आज रात्रपाळी आहे" असे होते, क्रियापद शेवटी. कारण सांगणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जाते, हा नियम इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्यांना आठवडेच्या आठवडे छळतो. सिस्टरने तो मराठीत विचार करून दहा मिनिटांत उचलला, आणि गृहपाठ न केल्याचे कारण म्हणून हेच वाक्य पुढे महिनाभर वापरले.

घरातली वाटाघाट

वेळेच्या नियोजनावरची बहुतेक पुस्तके असे धरून चालतात की माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा असतो. आपल्याकडे संसारी बाईचा वेळ बराचसा घराचा असतो, आणि चहाचा कप घेऊन ती वही उघडून बसलेली दिसली की ती रिकामी आहे असेच घरातल्यांना वाटते. सिस्टरच्या घरी पहिले दोन आठवडे हेच झाले. तिने मग सासूबाईंना समोर बसवून सांगितले की हा वेळ कामाचाच भाग आहे, आणि मुलांना कार्डे विचारण्याचे काम दिले. धाकट्याला जर्मन येत नाही, पण घडीच्या खालचे मराठी वाचून "चूक!" असे ओरडता येते, आणि आईला चूक ठरवण्याची संधी कोणते मूल सोडेल? उजळणीची पाच मिनिटे त्याच्यामुळेच टिकली.

खंड पडतो तेव्हा

खंड पडणारच. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, गणपती, आजारपण. वर्षभरात निदान दोनदा तरी आठवडेच्या आठवडे जातात. सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेकजण खंड पडल्यामुळे सोडत नाहीत, खंडानंतर साचलेला ढीग पाहून सोडतात. ॲप उघडले की चारशे शब्द बाकी दिसतात, आणि माणूस ते पुन्हा मिटतो.

येथे एबिंगहाउसचा तो 21 टक्क्यांचा आकडा पुन्हा आठवावा. महिनाभराने अर्थहीन अक्षरेसुद्धा पुन्हा पाठ करायला कमी वेळ लागत होता. आठवत काहीच नाही असे वाटले तरी खाली काहीतरी शिल्लक असते, आणि ते पुन्हा वर आणणे नव्याने शिकण्यापेक्षा स्वस्त पडते. म्हणून खंडानंतरचा आमचा नियम असा: पहिला आठवडा एकही नवे कार्ड नाही, नवा धडा नाही. साचलेल्यांपैकी रोज पंधरा-वीस कार्डेच पाहायची, बाकीची खोक्यात राहू द्यायची. प्रवासात शेवटचा पूर्ण समजलेला संवाद ऐकायचा. वर्गात यायचे आणि मागे पडलेलो आहोत असे सरळ सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात सिस्टरच्या सासूबाईंची शस्त्रक्रिया झाली आणि पाच आठवडे वही उघडली गेली नाही. परत आली तेव्हा ती म्हणाली, "सगळे धुऊन गेले असेल, मॅडम." खोके तिने सोबतच आणले होते. आम्ही पाचव्या कप्प्यातली कार्डे काढून एकेक विचारली. लाल शाईची बरीच परत पहिल्या कप्प्यात गेली, साध्या शाईची बहुतेक जागच्या जागी राहिली. दहा-बारा दिवसांत तिने बाकी फेडली आणि मगच नवा धडा उघडला.

बी१ परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण लागतात, आणि ते वेगवेगळ्या वेळी देता येतात. तिने आता वाचन आणि श्रवण या दोनच भागांसाठी नाव नोंदवले आहे. लेखन आणि संभाषण ती दिवाळीनंतर देणार आहे, कारण तोवर तिच्या वॉर्डातल्या बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या दोघी परत येतील आणि रात्रपाळ्या कमी होतील.